आठ दिवसांनी म्हणजे किती दिवसांनी?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त टी. नगर, चेन्नई येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



आपण आज ज्या भागात जमलो आहोत त्याच्या नावापासूनच आरंभ करतो. महाराष्ट्रातून येथे प्रथम येणाऱ्या माणसाला ‘टी. नगर’ म्हणजे त्यागराज नगर असावे, तंजावरकडच्या त्या थोर संगीतकाराच्या नावाचे, असे हमखास वाटते. प्रत्यक्षात ते त्यागराय नगर आहे. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाचे. मांबळम्‌चा लांबलचक तलाव होता, त्या जागी १९२० च्या दशकात ही वस्ती वसली. ‘टी.’ हे एकच अक्षर पाटी रंगविणाऱ्याच्या मनात एक अर्थ घेऊन उमटते आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसराच अर्थ उभा करते. पाटी रंगविणाऱ्याला त्याची शंकाही येत नाही, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असते.

गणिताच्या पुस्तकांतील शाब्दिक उदाहरणांचे नेमके असेच होते. त्यांविषयी आज बोलावे असे मी ठरविले आहे. आपल्या शाळेत मी गणित शिकविले, त्यामुळे समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या वह्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. ‘गणित येते, पण शाब्दिक उदाहरणे येत नाहीत’ ही तक्रार मी तुमच्या आईवडिलांकडून ऐकली आणि आता तुम्ही तीच आपल्या मुलांविषयी करता. या तक्रारीतला दोष नेहमी मुलाच्या डोक्यातच असतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या एका परीक्षेत (ती कोणती, हे सांगण्याचे प्रयोजन नाही) एक सोपा प्रश्न होता. एका गावात नळाला दोन दिवसांआड पाणी येते. सोमवारी पाणी आले, तर त्यानंतर ते कोणत्या वारी येईल? एका मुलीने ‘गुरुवार’ असे लिहिले. तपासणाऱ्याजवळच्या उत्तरसूचीत ‘बुधवार’ होते. गुण गेला.

आता शांतपणे विचार करा. ‘दिवसाआड’ म्हणजे मध्ये एक दिवस कोरडा, सोमवारनंतर बुधवार. मग ‘दोन दिवसांआड’ म्हणजे मध्ये दोन दिवस कोरडे, सोमवारनंतर गुरुवार. मुलीचे उत्तर बरोबर होते. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात ‘दर दोन दिवसांनी’ असे होते आणि लेखणीतून ‘दोन दिवसांआड’ असे उतरले. मुलगी ज्या वस्तीत राहत होती तेथे खरोखरच दोन दिवसांआड पाणी येत असे आणि ते भरण्याचे काम तिच्याकडे होते. ‘आड’ या शब्दाचा अर्थ तिच्या हातांना माहीत होता. चेन्नईकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम्, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम् हे चारही जलाशय आटले, तेव्हा टँकर किती दिवसांआड येणार याचा हिशेब या शहरातल्या शेंबड्या पोराला सुद्धा चुकल्याशिवाय करता येत होता.

पुढे घडले ते मला अधिक लागले. मुलीच्या वडिलांनी तिला समजाविले की छापलेले असेल तेच बरोबर, आपण शहाणपण करू नये. तिने वहीतला गुरुवार खोडून तेथे बुधवार लिहिला. एका गुणाचे दुःख करण्याचे कारण नाही, तो पुढे कधीही भरून निघतो. परंतु गणिताच्या तासाला आपल्याला ठाऊक असलेले जग बाहेर ठेवून यायचे असते, हा धडा ती त्या दिवशी शिकली. आणि तो एकदा पक्का झाला की कोणत्याही शिकवणीने पुसला जात नाही.

कालगणनेचे शब्द हे मराठीतले मोठे निसरडे ठिकाण आहे. शिंपी म्हणतो, ‘आठ दिवसांनी या.’ सोमवारी सांगितले असेल तर आपण पुढच्या सोमवारी जातो, मंगळवारी नव्हे. म्हणजे शिंप्याचे आठ दिवस पंचांगाचे सात असतात. ‘आठवडा’ या शब्दातच आठ दडलेले आहेत आणि ‘पंधरवड्या’त पंधरा; दोन सोमवारांच्या मध्ये मात्र सात दिवस आणि तीन सोमवारांत मिळून चौदा. आपल्या पूर्वजांना मोजता येत नव्हते असे नाही. ते आरंभीचा दिवसही धरून मोजत. फ्रेंच लोकही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि पंधरवड्याला ‘पंधरा दिवस’ म्हणतात, तेव्हा हा काही आपला गावठीपणा नव्हे. पुस्तकातले गणित मात्र आरंभीचा दिवस सोडून मोजते. मोजण्याच्या दोन्ही रीती शुद्ध आहेत. मुलाने उदाहरणात कोणती धरावी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘परवा’विषयी तर बोलायलाच नको. तो शब्द मागे जातो की पुढे, हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही.

या बाबतीत आपल्याच मातीतला एक पुरुष फार सावध होता. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिल्याची नोंद त्यावर आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० च्या सुमारास रचली. ती आपण काव्यमय उदाहरणांसाठी आठवतो. भुंगे, हंस, कमळे, मोर आणि साप. पण ग्रंथाचा आरंभ झाला की थोड्याच वेळात येते ती परिभाषा: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. पुढे लांबीची, धान्याची मापे. कोणता शब्द किती मोलाचा हे आधी ठरवायचे, मग उदाहरण घालायचे. गंमत अशी की कालाची मापे मात्र लोकांत प्रसिद्ध आहेत, ती तेथून समजून घ्यावीत, असे सांगून आचार्य पुढे जातात. साडेआठशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपण अडखळतो ते तेथेच.

त्याच ग्रंथातील एका यात्रेकरूचे उदाहरण मला फार आवडते. त्याने जवळच्या द्रव्याचा अर्धा भाग प्रयागला दिला. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला दिले, मग उरलेल्याचा चतुर्थांश वाटेतल्या जकातीत गेला, पुन्हा उरलेल्याचे सहा दशांश गयेला दिले आणि त्रेसष्ट निष्क घेऊन तो घरी परतला. आरंभी त्याच्याजवळ किती होते? उत्तर ५४०. करून पाहा. प्रयागनंतर २७०, काशीनंतर २१०, जकात साडेबावन्न, म्हणजे राहिले साडेएकशेसत्तावन्न. गयेला साडेचौऱ्याण्णव, आणि उरले त्रेसष्ट. श्लोकात शेष हा शब्द, या ना त्या रूपाने, तीनही वेळा आला आहे. छंदाची अडचण असूनही आचार्यांनी तो एकदाही गाळलेला नाही. गाळला असता तर? अर्धा, दोन नवमांश, एक चतुर्थांश आणि सहा दशांश यांची बेरीज होते १८० पैकी २८३. बिचारा यात्रेकरू पुण्य घेऊन आणि कर्ज करून घरी आला असता! अशा उदाहरणांना ‘शेषजाति’ असे वेगळे नावच दिले गेले, कारण ‘कशाचा भाग?’ या प्रश्नावर सारे गणित उभे असते.

आणि तो प्रश्न आजही येथे, या रस्त्यावर उभा आहे. आडी महिना आला, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, की टी. नगरच्या दुकानांवर ‘तळ्ळुपडी’चे, म्हणजे सवलतीचे, फलक लागतात. त्या महिन्यात इकडे लग्नकार्ये टाळतात, म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाला असे बोलावून घेतो. ‘पन्नास टक्के आणि वर वीस टक्के सूट’ असे वाचून दोन हजारांची साडी सहाशेला पडेल असे वाटते; बिल येते आठशेचे. वीस टक्के उरलेल्या हजारावर असतात. फलकावर ‘उरलेल्या’ हा शब्द नाही आणि तो विसरून गाळला गेला असेल असे मला वाटत नाही. पाठ्यपुस्तकातला ‘उरलेल्या’ हा शब्द मात्र बहुधा जागेअभावी किंवा घाईमुळे गळतो. फलक वाचताना दोनशे रुपये जातात आणि उदाहरण वाचताना मुलाचा आत्मविश्वास जातो.

‘पट’ हा आणखी एक शब्द. राजूकडे दहा गोट्या आहेत आणि सीमाकडे त्याच्या तिप्पट आहेत, म्हणजे तीस. येथे वाद नाही. पण ‘सीमाकडे तीन पटींनी जास्त आहेत’ असे लिहिले की वर्गात दोन तट पडतात. जास्त म्हणजे मूळ दहांवर आणखी तीस, म्हणून चाळीस, असे म्हणणारा मुलगा हट्टी नाही, तो शब्दाला धरून चालला आहे. वर्तमानपत्रात ‘भाव दुपटीने वाढले’ याचा अर्थ आपण दुप्पट झाले असा घेतो, तर ‘दोनशे टक्क्यांनी वाढले’ याचा अर्थ तिप्पट झाले असा होतो. एवढ्याशा फरकात मोठी माणसे फसतात. माझे मत स्पष्ट आहे: ‘पटींनी जास्त’ ही रचना पाठ्यपुस्तकातून हद्दपार करावी. ‘प्रत्येकी’ या लहानशा शब्दाला मात्र मानाचे पान द्यावे. ‘तीन मुलांना सहा पेरू दिले’ यात पेरू सहा की अठरा, हे तोच एकटा सांगतो.

आता मराठी संख्यावाचनाकडे वळतो, कारण येथे बसलेल्या पालकांना तो प्रश्न रोज भेटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’, त्रेसष्टऐवजी ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आली आणि केवढा गहजब झाला हे आपल्याला आठवत असेल. प्रकरण विधानसभेपर्यंत गेले. त्या विषयसमितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेली, आधी एकक आणि मग दशक सांगणारी नावे लहान मुलांना जड जातात आणि दाक्षिणात्य भाषांत दशक आधी येतो, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांची चेष्टा पुष्कळ झाली, ऐकून थोड्यांनीच घेतले. येथे राहिल्यावर मला त्या मुद्द्याचे वजन कळले. तमिळ मूल एकवीसला ‘इरुबत्ति ओन्नु’ म्हणते. वीस आधी, एक मागून, जसे लिहायचे तसेच. आपले मूल ‘पंचवीस’ ऐकते, पाच आधी ऐकू येतो, आणि ते ५२ लिहून मोकळे होते. अर्थात तमिळही सर्वत्र सरळ नाही. नऊ ‘ओंबदु’, पण नव्वद ‘तोण्णूरु’ आणि नऊशे ‘तोळ्ळायिरम्’, म्हणजे नव्वदच्या नावात शंभराची छाया आणि नऊशेच्या नावात हजाराची.

तरीही नव्या वाचनात एक अडचण होती. तिची चर्चा माझ्या तरी ऐकण्यात आली नाही. मराठीत ‘वीसेक माणसे’ म्हणजे अदमासे वीस, आणि बोलताना ‘वीस एक’ व ‘वीसेक’ यांत कानाला फरक कळत नाही. ‘वर्गात वीस एक मुले आहेत’ हे नेमके एकवीस की सुमारे वीस? सुधारणा चांगल्या हेतूने झाली, तरी शब्दाला घरात आधीच एखादे काम लागलेले असते, ते पाहावे लागते.

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाची कसोटी आणखी वेगळी. पावणेनऊ म्हणजे नवाला पाव कमी. मराठी पुढच्या तासाकडे बघून मागे मोजते. तमिळमध्ये तीच वेळ ‘एट्टे मुक्काल’, आठ आणि तीन पाव. ती मागच्या तासावर उभी राहून पुढे मोजते. घरी आजी पावणेनऊ म्हणणार आणि दाराशी रिक्षावाला एट्टे मुक्काल म्हणणार. अशा मुलाने ‘पावणेदोनशे’ ऐकून २७५ लिहिले तर त्याला ‘कच्चा’ म्हणण्याआधी ते कोणत्या दिशेने चालत आले हे पाहा. उलट विभक्तीच्या बाबतीत दोन्ही भाषा एकमेकींच्या बहिणी शोभतात. ‘बाराला तीनने भागा’ आणि ‘तीनने बाराला भागा’, शब्द कसेही फिरवा, प्रत्यय अर्थ सोडत नाही. तमिळचे प्रत्ययही तेच काम करतात. मुलांना प्रत्यय वाचायला शिकवले तर निम्मी उदाहरणे तेथेच सुटतात.

त्याऐवजी आपण काय शिकवतो? खुणेचे शब्द. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी. शिकवणीवर्गांत याचे तक्ते भिंतीला लावलेले असतात. मग ‘रमाने पाच आंबे मैत्रिणीला दिले, तिच्याजवळ आठ उरले, आधी किती होते?’ असे विचारले की मूल ‘उरले’ पाहून आठातून पाच वजा करते. वाचणे बंद, शिकार सुरू. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे लहान मुलांना विचारले गेले: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिले. त्या मुलांना मूर्ख ठरविणे सोपे आहे. माझ्या मते ती अत्यंत समंजस होती. वर्गात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते. बुधवार लिहिणारी आपली मुलगी त्याच वाटेला लावली गेली.

याचा अर्थ सारी संदिग्धता खरवडून काढावी असा नाही. काही उदाहरणांत ती ठेवावी आणि मुलांना शोधू द्यावी. उस्मान रोडच्या शंभर मीटर लांबीच्या एका कडेला दर दहा मीटरवर एक झाड लावायचे आहे, तर झाडे किती? दोन्ही टोकांना झाड असेल तर अकरा, एकाच टोकाला असेल तर दहा, कोणत्याच टोकाला नसेल तर नऊ. तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर त्याची अट लिहावी. मग विचारावे: आता पनगल पार्कसारख्या एखाद्या बागेला शंभर मीटरचा गोल कठडा आहे आणि दर दहा मीटरवर खांब आहे. येथे एकच उत्तर का येते? टोकच नाही, म्हणून. जी मुले तीन उत्तरांवर भांडली असतील त्यांना हा आनंद विशेष होतो.

तमिळमध्ये कारी नायनार यांचा ‘कणक्कदिकारम्’ हा गणिताचा जुना पद्यग्रंथ आहे. त्यात फणस न फोडता आतले गरे मोजण्याची युक्ती दिली आहे: देठाजवळचे बारीक काटे मोजा, सहाने गुणा आणि पाचाने भागा. फणसाने हे सूत्र पाळावेच असे नाही. कोकणातला फणस तर मुळीच कोणाचे ऐकत नाही. मला त्यातली शब्दांची निवड मोलाची वाटते. काटे तर सगळ्या फणसावर असतात. कवीने नुसते ‘काटे’ म्हटले नाही, ‘देठाजवळचे’ आणि ‘बारीक’ म्हटले, म्हणजे मोजणाऱ्याचे बोट कोठे ठेवायचे ते सांगून ठेवले.

पालकांना माझी विनंती घरगुती आहे. मूल उदाहरण घेऊन आले की लगेच रीत सांगू नका. त्याला आकडे झाकून, गोष्टीसारखे, आपल्या शब्दांत सांगायला लावा. मराठीत, तमिळमध्ये, दोन्हींच्या खिचडीत, कसेही. गोष्ट दोन प्रकारे सांगता येते असे दिसले तर उत्तराआधी ‘येथे असे धरले आहे’ अशी एक ओळ लिहायची सवय लावा.

शिक्षकांनी ती ओळ वाचून गुण द्यावेत. आणि शाळेच्या चालकांना, या हीरक महोत्सवी वर्षात इमारतीच्या रंगापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल असे एक काम सुचवितो. पुढच्या चाचणीची गणिताची प्रश्नपत्रिका छापायला देण्यापूर्वी ती उत्तरसूचीशिवाय दोन माणसांपुढे ठेवावी: एक मराठीचे शिक्षक आणि दुसरे कार्यालयातले किंवा स्वयंपाकघरातले कोणीही, ज्यांनी पुस्तक पाहिलेले नाही. दोघांनी प्रत्येक उदाहरण मोठ्याने वाचावे आणि काय विचारले आहे एवढेच सांगावे. दोघांचे सांगणे जेथे जुळणार नाही, तो प्रश्न त्या दिवशी परत लिहावा. अर्ध्या तासाचे काम आहे. ‘दोन दिवसांआड’ पाणी येण्याचा प्रश्न पाणी भरणाऱ्या कोणाही बाईने त्या अर्ध्या तासात अडविला असता.